साळिंदराचे ४८ काटे

रोबो बनवणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी या वेळी निवडलेली पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात: हलवायचे भाग छोटे आहेत, पण ते पुष्कळ आहेत. पहिल्या पत्राला उत्तर देताना बरीच जागा गेली आहे, कारण बाकीच्या प्रश्नांची मुळेही तिथेच सापडतात.

प्रश्न : मी साळिंदराच्या आकाराचा रोबो बनवत आहे. त्याच्या पाठीवर ४८ काटे आहेत, प्रत्येकाच्या टोकाला एक छोटा एलईडी आहे आणि काही काट्यांवर प्रकाश ओळखणारा सेन्सरही आहे. कोणी जवळ आले की त्या बाजूचे काटे उभे राहावेत आणि बाकीचे निजलेलेच असावेत, अशी कल्पना आहे. प्रत्येक काट्याला एक छोटा सर्वो (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी मोटर) लावण्याचा विचार केला, पण वजन, वायरी आणि वीज या तिन्हींचा हिशेब काही केल्या जमत नाही. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : हिशेब जमणारही नाही. सर्वात छोट्या नेहमीच्या सर्वोचे वजन ९ ग्रॅम धरले, तर ४८ सर्वोंचे ४३२ ग्रॅम होतात, आणि त्यात स्क्रू व बैठका आलेल्याच नाहीत. प्रत्येकी ३ प्रमाणे १४४ वायरी होतात. असा सर्वो कुठे अडकला तर ५ व्होल्टवर साधारण ०.७ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे सगळे एकदम अडले तर ३३ अँपिअरच्या वर मागणी जाते. असा क्षण क्वचितच येईल, हे खरे. पण तो येतो तेव्हा बॅटरी मान टाकते.

उपाय सुचवण्याआधी आपल्याच पत्रातील एका वाक्याकडे लक्ष वेधतो. "त्या बाजूचे काटे उभे राहावेत", असे आपण लिहिले आहे. याचा अर्थ आपल्याला ४८ स्वतंत्र हालचाली नको आहेत; पाच-सहा बाजू ओळखता आल्या की काम भागते. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ही गल्लत वारंवार दिसते: भाग मोजले जातात आणि तोच आकडा हालचालींचा समजला जातो. पाठीचे ६ पट्टे करा, प्रत्येक पट्ट्यात ८ काटे घ्या आणि प्रत्येक पट्ट्याला एक दणकट सर्वो द्या. त्या सर्वोने एक आडवी पट्टी ओढायची आणि पट्टीपासून प्रत्येक काट्याच्या बुडाशी एक दोरी न्यायची.

यावर आपण म्हणाल की आठही काटे शिपायांसारखे एकदम उभे राहिले तर ते प्राणी वाटणारच नाही. त्यावर उपाय फुकटचा आहे. काट्याच्या बिजागरीपासून दोरी किती अंतरावर बांधली आहे, यावर तो किती कोनातून उठेल हे ठरते. पट्टी ६ मिलिमीटर सरकली, तर बिजागरीपासून ६ मिलिमीटरवर बांधलेला काटा साधारण ५७ अंश उठतो, ९ मिलिमीटरवर बांधलेला ३८ अंश आणि १२ मिलिमीटरवर बांधलेला २९ अंश. पट्ट्याच्या मधल्या काट्यांची दोरी बिजागरीजवळ आणि कडेच्या काट्यांची दूर बांधली की मध्यभागी उंच आणि कडेला उतरत जाणारा उठाव आपोआप तयार होतो, आणि शेजारच्या पट्ट्याशी असलेली सीमा डोळ्याला दिसत नाही. दोरी बिजागरीच्या जितकी जवळ, तितका जोर जास्त लागतो, एवढे मात्र सर्वो निवडताना ध्यानात घ्या.

दोऱ्या नळीतून नेणार असाल तर वळणांचा हिशेब ठेवा. नळीत दोरी घासते आणि ते घर्षण वळणाच्या एकूण कोनाबरोबर गुणाकाराने वाढत जाते. घर्षणांक ०.१५ असेल, तर वाटेत मिळून अर्धे वर्तुळ वळलेल्या दोरीला पलीकडे १०० ग्रॅम ओढ मिळण्यासाठी अलीकडून सुमारे १६० ग्रॅम ओढावे लागते. पूर्ण वर्तुळ वळले तर २५० ग्रॅमच्या वर. म्हणून सर्वो पाठीच्या अगदी खाली, काट्यांच्या रेषेतच बसवावेत, पोटात जागा आहे म्हणून तिकडे ढकलू नयेत.

आता ज्यांना खरोखरच प्रत्येक काटा स्वतंत्र हवा आहे, त्यांच्यासाठी. सर्वो एकाच वेळी दोन कामे करतो. उचलण्याचा जोर तोच देतो आणि काय उचलायचे ही निवडही त्याच्याच हातून होते. यांतले पहिले काम जड आहे, दुसरे हलके. आणि हलके काम ४८ वेळा करायला हरकत नसते, जड काम ४८ वेळा करायला असते. ही दोन कामे वेगळी काढण्याची युक्ती विणकरांनी फार पूर्वी वापरली आहे. जाकार या फ्रेंच विणकराच्या १८०४ च्या मागात ताण्याचे (उभे) धागे आकड्यांना टांगलेले असतात आणि सगळे आकडे उचलणारी पात्यांची चौकट एकच असते. भोके पाडलेले कार्ड सुयांवर दाबले जाते. जिथे भोक आहे तिथली सुई आत शिरते आणि तिचा आकडा पात्यावर तसाच राहतो, जिथे भोक नाही तिथली सुई मागे ढकलली जाऊन तिचा आकडा पात्यावरून बाजूला होतो. मग चौकट वर जाते आणि उरलेले आकडे तेवढे उचलले जातात. शेकडो धाग्यांचे वजन एकच चौकट पेलते. कार्डाला फक्त सुई थोडीशी सरकवायची असते.

साळिंदरात हेच उलट्या क्रमाने करणे सोपे जाते. प्रत्येक काट्याला एक हलकी स्प्रिंग लावा, जी त्याला सतत उभे करू पाहील. एका गिअर असलेल्या मोटरने चालणारी जाळीदार पाटी सगळ्या काट्यांना एकदम निजवेल, आणि निजताच प्रत्येक काट्यामागची खिटी खटकन अडकेल. पाटी मागे घेतली की ४८ काटे खिट्यांवर तोलून राहतात आणि त्यासाठी कणभरही वीज लागत नाही. आता हव्या त्या काट्याच्या खिटीला छोट्या विद्युतचुंबकाने एखादा मिलिमीटर सरकवले की तो काटा उसळून वर येतो. छोटा विद्युतचुंबक नेमक्या याच कामासाठी योग्य असतो. त्याची ओढ चिकटलेल्या स्थितीत चांगली असते, पण फट दुप्पट झाली की ती साधारण चौथाईवर येते. म्हणूनच त्याने काटा उचलायला गेलात तर निराशा होते आणि खिटी सोडवायला लावलात तर तो वर्षानुवर्षे साथ देतो. वीजही क्षणभरच द्यायची असल्याने ४८ चुंबकांना एकामागून एक ठोके देता येतात. एका वेळी एकाच चुंबकाचा भार बॅटरीवर पडतो.

या रचनेतली खोट लपवत नाही: एकेक काटा हवा तेव्हा उठतो, पण निजायचे झाले की सगळेच एकदम निजतात. साळिंदराला ते शोभून दिसते. बोलणाऱ्या चेहऱ्याच्या रोबोला शोभणार नाही.

प्रश्न (याच वाचकांचा) : मोटरचा आवाज टाळायचा झाला तर तापल्यावर आखडणारी नायटिनॉलची तार चालेल का? आणि ४८ तारांसाठी मायक्रोकंट्रोलरच्या (रोबोचा प्रोग्राम चालवणाऱ्या चिपच्या) तेवढ्या पिना कुठून आणायच्या?

उत्तर : चालेल, मात्र आधी तिचा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा. नायटिनॉल हे नाव निकेल, टायटॅनियम आणि तो जिथे सापडला त्या अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेची आद्याक्षरे जोडून तयार झाले आहे. ताणलेली तार ठरावीक तापमानाच्या वर गेली की आपल्या मूळ लांबीकडे परतते. रोबोत वापरल्या जाणाऱ्या तारांसाठी हे तापमान बहुधा ७० किंवा ९० अंश सेल्सिअस असते. तार ८ टक्के आखडते, असे कुठे वाचले असेल तर ते विसरून जा. पुन्हा पुन्हा काम करून घ्यायचे असेल तर ४ टक्क्यांवर समाधान मानावे.

०.१५ मिलिमीटर जाडीची, १० सेंटिमीटर लांब तार घेऊ. ती ४ मिलिमीटर आखडते आणि सुमारे ३२० ग्रॅम ओढते. तरफेने ही हालचाल पाचपट केली, तर काट्याजवळ २० मिलिमीटर हालचाल आणि ६४ ग्रॅम ओढ उरते. त्यातून परतीच्या स्प्रिंगचा वाटा वजा केला तरी हलक्या काट्याला ती पुरते. तारेचा रोध मीटरला सुमारे ५५ ओहम, म्हणजे आपल्या तुकड्याचा ५.५ ओहम, तिला ०.४१ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे सतत ०.९ वॉटच्या आसपास उष्णता. तापायला ती सेकंदभर घेते, थंड व्हायला दोन सेकंद. जलद थरथर तिच्याकडून होणार नाही, पण श्वास घेतल्यासारखा संथ उठाव तिच्याइतका सुंदर दुसऱ्या कशानेही साधत नाही, असे माझे मत आहे.

पिनांचा प्रश्न इथे गमतीशीर रीतीने सुटतो. तारा ६ ओळी आणि ८ स्तंभ अशा जाळीत जोडा. ६ आणि ८ मिळून १४ पिना पुरतात आणि ७४एचसी५९५ सारखी दोन शिफ्ट रजिस्टरे (थोड्या पिनांवरून आज्ञा घेऊन पुष्कळ पिना चालवणाऱ्या चिप) लावली, तर मायक्रोकंट्रोलरच्या ३ पिनांवरही भागते. पिना किंवा रजिस्टरे हा प्रवाह स्वतः पेलू शकत नाहीत. त्या फक्त ओळी आणि स्तंभ उघडणाऱ्या ट्रान्झिस्टरांना इशारा देतात. ओळी एकामागून एक वेगाने चालू-बंद करायच्या, म्हणजे प्रत्येक तारेला एकषष्ठांश वेळ वीज मिळते. एलईडीच्या जाळीत यामुळे उजेड कमी होतो. तारेला मात्र उष्णतेशीच देणेघेणे आहे आणि तुटक मिळालेली उष्णता ती आपोआप सरासरीत बसवते. पुरवठा ६ व्होल्टचा ठेवा. डायोडमध्ये (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागात) ०.४ व्होल्ट गेले तर तारेवर ५.६ व्होल्ट उरतात, त्या क्षणी प्रवाह १.०२ अँपिअर होतो, आणि सरासरी काढली तर ०.९५ वॉट. आपल्याला हवे होते जवळजवळ तेवढेच.

हा डायोड प्रत्येक तारेमागे एक असा लावावाच लागतो. तो नसेल, तर वीज शेजारच्या तीन तारांतून आडवाटेने फिरून येते आणि भलतेच काटे अर्धवट मान उचलतात. दोष प्रोग्राममध्ये आहे असे समजून माणूस रात्रभर शोधत बसतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ओळीतल्या आठही तारा चालू असताना त्या ओळीच्या ट्रान्झिस्टरमधून ८ अँपिअरहून जास्त प्रवाह जातो, तेव्हा तो ट्रान्झिस्टर तेवढ्या ताकदीचा हवा. आणि एखादी ओळ चालू असताना प्रोग्राम अडकला, तर त्या ओळीतल्या प्रत्येक तारेत ०.९५ ऐवजी ५.७ वॉट उष्णता भरते. माझ्या टेबलावर एकदा हे घडले आहे. प्लास्टिकच्या बैठकीतून धुराची बारीक रेघ निघेपर्यंत मला वाटत होते की काटे नेहमीपेक्षा चपळपणे उठत आहेत. त्या आठ तारा पुन्हा कधीच पूर्ण आखडल्या नाहीत. अति तापल्याने त्यांची मूळ लांबीची आठवण पुसली गेली होती. तेव्हापासून मी वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकला तर तो पुन्हा सुरू करणारे घड्याळ) लावल्याशिवाय जाळीला वीज देत नाही.

तार सोल्डरने जोडू नका. तिच्यावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे सोल्डर धरत नाही, आणि धरलेच तर त्या उष्णतेने तारेचा तेवढा भाग बिघडतो. टोके धातूच्या छोट्या नळीत घालून पकडीने दाबून बसवावीत.

प्रश्न : माझ्या रोबोच्या चेहऱ्यावर १६ सर्वो आहेत. एकेक चालवला तर सगळे ठीक चालतात, एकत्र चालवले की थरथरतात आणि मायक्रोकंट्रोलर मध्येच पुन्हा सुरू होतो. प्रोग्राम अनेकदा तपासला आहे.

उत्तर : प्रोग्राम बाजूला ठेवा आणि मल्टिमीटर घ्या. सगळे सर्वो एकाच क्षणी निघाले की पुरवठ्याचा दाब क्षणभर कोसळतो. सर्वोंना स्वतंत्र पुरवठा द्या, पण दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) एकत्र जोडा, नाहीतर इशाऱ्याला आधारच उरत नाही. सर्वोंच्या पुरवठ्यावर, त्यांच्या जवळच, मोठा कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेला लगेच देणारा भाग) लावा. एकेका सर्वोला ४० मिलिसेकंद उशिराने निघायला सांगा. १६ सर्वोंना मिळून पाऊण सेकंदही लागत नाही आणि भाव चेहऱ्यावर एकदम उमटण्याऐवजी पसरत जातात, हे वर.

थरथरण्याचे दुसरे कारण इशाऱ्याची वेळ चुकणे हे असते. सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी साधारण १ ते २ मिलिसेकंद रुंदीचा ठोका लागतो, आणि इतर कामांत गुंतलेला मायक्रोकंट्रोलर ती रुंदी हलू देतो. पीसीए९६८५ ही चिप हे काम अंगावर घेते. दोन वायरींवरून आज्ञा घेऊन ती १६ ठोके चालवते आणि २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करते, म्हणजे एक भाग ४.९ मायक्रोसेकंदांचा. १ मिलिसेकंदात ९० अंश फिरणारा सर्वो यामुळे अर्ध्या अंशापेक्षाही बारीक पावलांनी हलवता येतो.

प्रश्न : हवेवर फुगणाऱ्या ६४ छोट्या पिशव्यांनी त्वचा हलवायची आहे. ६४ विजेचे व्हॉल्व्ह लागतील का?

उत्तर : नाही. २००२ मध्ये स्टीफन क्वेक या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटाने सूक्ष्म नळ्यांच्या चिपवर दाखवलेली युक्ती आपल्याला उपयोगी पडेल. प्रत्येक नियंत्रण-नळी निम्म्या वाहिन्या दाबून बंद करते आणि तिची जोडीदार उरलेल्या निम्म्या. अशा जोड्या लावत गेले की १०२४ वाहिन्यांपैकी हवी ती एक उघडी ठेवायला २० नियंत्रण-नळ्या पुरतात. ६४ साठी १२ पुरतील. मोबदल्यात एका वेळी एकाच पिशवीपर्यंत पोहोचता येते, तेव्हा पिशवीत भरलेली हवा रोखून धरणारी झडप प्रत्येकीच्या तोंडाशी असावी लागेल आणि हालचाल संथ राहील.

प्रश्न : रोबोच्या हाताच्या बोटांवर मी १५ स्पर्शसेन्सर लावले आहेत. बोटे छान हलतात, पण आठवडाभरात वायरी सोल्डरच्या जागीच तुटतात. जाड वायरी घातल्या तर त्या आणखी लवकर तुटू लागल्या. असे का व्हावे?

उत्तर : कारण वाकवल्यावर वायरच्या बाहेरच्या कडेला पडणारा ताण तिच्या जाडीबरोबर वाढतो. ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकलेली ०.५ मिलिमीटरची एकसंध वायर बाहेरच्या कडेला ५ टक्के ताणली जाते. तेच तांबे ०.०८ मिलिमीटरच्या बारीक तंतूंत विभागले तर ताण ०.८ टक्का होतो. म्हणून पुष्कळ तंतूंची, सिलिकॉन वेष्टनाची वायर घ्या. सोल्डर मात्र तंतूंत झिरपून त्यांना पुन्हा एकसंध करते, आणि जिथे ते झिरपणे थांबते नेमके तिथेच वायर तुटते. ती जागा वाकताच कामा नये. सोल्डरपासून १० मिलिमीटरपर्यंत वायर बोटाच्या हाडाला घट्ट बांधा आणि वाकण्याचे काम त्यापुढच्या सैल वळशावर सोपवा.

त्याहून चांगले म्हणजे वायर वाकवूच नका, तिला पीळ द्या. सांध्याच्या अक्षाला धरून वायर काही सेंटिमीटर आडवी नेली, तर सांधा ९० अंश फिरतो तेव्हा तिला फक्त पाव पीळ बसतो आणि तो सगळ्या लांबीवर वाटला जातो. काट्याने आकडा दाखवणाऱ्या प्रवाहमापकात हाच प्रश्न केसासारख्या बारीक सर्पिल स्प्रिंगांनी सोडवलेला असतो: त्या फिरत्या वेटोळ्याला मागेही खेचतात आणि त्याच त्याच्यापर्यंत वीजही पोहोचवतात. आपल्या बोटात परतीची स्प्रिंग असेल, तर तिलाच एक वायर समजायला काय हरकत आहे?

पण १५ सेन्सर खरोखर बोटाच्या टोकावरच असायला हवेत का, हेही पाहा. सांधा किती वाकला हे जाणून घ्यायचे असेल, तर हलत्या भागावर बारीक चुंबक चिकटवून चुंबकाची जवळीक ओळखणारा हॉल सेन्सर स्थिर भागावर ठेवता येतो. साळिंदरवाल्या वाचकांनाही हेच सांगायचे आहे: एलईडी पाठीखाली एका पाटीवर स्थिर बसवा आणि काट्यातून प्रकाशतंतू न्या. तंतू कितीही वेळा हलका वाकला तरी त्याला सोल्डर नाही, आणि ओळीने जोडलेल्या डब्ल्यूएस२८१२ एलईडींत एक सांधा तुटला की पुढचे सगळे विझतात, ती कटकटही उरत नाही. साळिंदराचे प्रकाश ओळखणारे सेन्सरही याच तंतूंच्या दुसऱ्या टोकाला, खालीच ठेवता येतील. काट्यात मग वीजच राहत नाही.

स्पर्शाचे सेन्सर मात्र टोकावरच हवेत. तेवढ्यांसाठी तीन सेन्सरांमागे एक छोटी चिप बोटाच्या टोकावरच बसवा आणि सांध्यांतून वीज व आज्ञा यांच्या मिळून चारच वायरी न्या. बोट जोडण्याआधी टेबलावर एका सर्वोने ती जुडी रात्रभर वाकवत ठेवा आणि प्रत्येक वायर मालिकेत जोडून एक एलईडी लावून ठेवा. सकाळी तो लुकलुकत असेल तर कोणता वळसा अजून सैल करायचा आहे ते हाताने चाचपून सापडते.